जखम पुढच्या भागात नेताना

प्रश्न असा आहे. दहा भागांची विज्ञानकथा-मालिका लिहायची आहे आणि प्रत्येक भागाची गोष्ट त्याच भागात मिटते. चौथ्या भागात जहाजाच्या एका कप्प्यातून हवा सुटायला लागते. इंजिनिअर दार बंद करते आणि तिच्या हाताखालचा पोरगेला तंत्रज्ञ पलीकडेच राहतो. पाचव्या भागात नवा ग्रह, नवं संकट. तिचं दुःख दाखवत बसलं तर मधूनच बघायला लागलेल्याला काही कळणार नाही. न दाखवलं तर पहिल्यापासून बघणारा म्हणेल, ‘ही बाई दगडाची आहे का?’ दोघांनाही धरून ठेवता येतं का?

येतं. फक्त ‘परिणाम’ म्हणजे काय, ते आधी नक्की करावं लागतं. पात्राला झालेलं आठवतंय एवढं दाखवलं की झालं, अशी बहुतेकांची समजूत असते. मग पाचव्या भागात कुणीतरी विचारतं, ‘बरी आहेस ना?’ ती काचेबाहेर बघते, मागे संगीत वाजतं, आणि हिशोब चुकता झाला असं लेखक धरून चालतो. पण नुसत्या आठवणीला काही किंमत मोजावी लागत नाही, तिच्यामुळे गोष्टीत तसूभरही फरक पडत नाही. चौथ्या भागातल्या घटनेमुळे इंजिनिअर सहाव्या भागात असा काही निर्णय घेते, जो तिने तिसऱ्या भागात घेतला नसता, आणि त्याचा फटका सहाव्या भागाच्या गोष्टीला बसतो, तेव्हा परिणाम झाला म्हणायचं. नव्या प्रेक्षकाला तिथे एक अतिसावध बाई दिसते. जुन्याला ते दार दिसतं. सीन एकच, आणि दोघांनाही तो पुरतो.

पात्रं का विसरतात, हे माहीत असलं तर यातून वाट काढणं सोपं जातं. ‘स्टार ट्रेक’च्या पहिल्या मालिकेत ६ एप्रिल १९६७ ला लागलेल्या भागात कॅप्टन कर्क १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये पोचतो, एडिथ कीलरच्या प्रेमात पडतो, आणि इतिहास जागेवर राहावा म्हणून तिला गाडीखाली जाऊ देतो. तिला वाचवायला धावलेल्या डॉक्टरला तो स्वतःच धरून ठेवतो. आठवड्याने, १३ एप्रिलला, पुढच्या भागात त्याचा सख्खा भाऊ मरतो, वहिनीही जाते. सात दिवसांत हे दोन घाव. आणि त्या दुसऱ्या भागाचा शेवट होतो ब्रिजवर (जहाजाच्या नियंत्रणकक्षात) स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय यांच्या थट्टामस्करीने. एडिथचं नावही निघत नाही.

हे लेखकांच्या निबरपणातून आलेलं नाही. त्या काळी अमेरिकेत मालिकेची मोठी कमाई पुनःप्रक्षेपणातून यायची. मालिका गावोगावच्या स्थानिक वाहिन्यांना विकली जायची आणि तिथे कोणता भाग कधी लागेल, प्रेक्षकाचा कोणता चुकेल, याची कसलीच हमी नसायची. म्हणून भाग संपताना सगळ्यांना निघाल्या जागी परत आणून ठेवायचं, ही शिस्त होती. क्रमाचा घोळ पहिल्या प्रक्षेपणातही होऊ शकतो. २००२ मध्ये ‘फायरफ्लाय’ लागली तेव्हा पहिला म्हणून बनवलेला भाग वाहिनीने डिसेंबरमध्ये, मालिका गुंडाळताना दाखवला.

आज स्ट्रीमिंगवर लोक बहुधा क्रमाने बघतात, तरी या जुन्या अडचणीने शिकवलेली एक गोष्ट अजूनही कामाची आहे. सवय क्रमाला बांधलेली नसते, सुधारणा मात्र असते. ‘ती दारापाशी सगळे आत येईपर्यंत थांबते’ ही सवय पाचव्या भागात दाखवा, आठव्यात दाखवा, भाग उलटसुलट लागले तरी चालते. ‘ती आता थोडी सावरली आहे’ हे मात्र आधीची अवस्था पाहिल्याशिवाय कळत नाही. तेव्हा परिणामाचा बराचसा भार सवयींवर टाका, आणि सुधारणेचे टप्पे मोजके, दोन किंवा तीनच ठेवा. सुट्या भागांच्या मालिकांत नायकांच्या मोठ्या जखमा मालिका सुरू होण्याआधीच्या असतात त्या याच कारणाने. ‘द एक्स फाइल्स’मधल्या मल्डरची बहीण लहानपणीच नाहीशी झालेली. ‘स्टारगेट एसजी-१’मधल्या ओनीलचा मुलगा बापाच्याच पिस्तुलाने गेलेला. अशी जखम प्रत्येक भागापासून सारख्याच अंतरावर असते. तुमची जखम चौथ्या भागातली, म्हणजे ती सोय तुम्हाला नाही.

पटकथेआधी एक पान

चौथा भाग लिहून झाला की पाचव्याला हात घालण्याआधी त्या घटनेचं एक वेगळं पान करा. मालिकेच्या बायबलमध्ये (पात्रं, जग, नियम यांच्या जाडजूड नोंदवहीत) सगळं कोंबू नका, तिथे ते कुणी उघडून बघत नाही. एका घटनेला एक पान, आणि ते प्रत्येक भागाच्या लेखकाच्या हातात.

पहिली ओळ काय घडलं याची, पण पात्राच्या बाजूने. ‘तंत्रज्ञ मेला’ असं लिहू नका, ‘तिने दार बंद केलं’ असं लिहा. पहिल्यातून शोक येतो, दुसऱ्यातून अपराधीपण, आणि दोन्हींचं वागणं निराळं असतं. शोक करणारा माणूस गेलेल्याच्या वस्तूंपाशी जातो. अपराधी माणूस त्या वस्तू टाळतो आणि कामाला जुंपून घेतो.

दुसरी ओळ: तिला स्वतःला काय वाटतं. सगळ्या पानात हीच ओळ कळीची आहे. उदाहरणार्थ, ‘आणखी चार सेकंद होते.’ हे खरं आहे की नाही, तेही इथेच ठरवून टाका, भलेही प्रेक्षकाला नवव्या भागापर्यंत कळू देऊ नका. लेखकालाच ठाऊक नसेल तर प्रत्येक भागाचा लेखक आपापलं उत्तर धरून लिहितो आणि पात्र भागागणिक बदलतं.

त्याखाली: घटना कुणी पाहिली, कुणाला फक्त ऐकून माहीत आहे, कुणापासून लपवली आहे. मग शरीर, म्हणजे हात, झोप, आवाज यांपैकी कशात फरक पडला (एकच निवडा). एक वस्तू. एक टाळाटाळ. आणि शेवटी, कोणत्या प्रकारच्या प्रसंगात हे उफाळून येईल. ‘मृत्यू दिसला की’ असं मोघम नको, कारण विज्ञानकथेत मृत्यू दर भागात दिसतो. ‘दुसऱ्याच्या जिवाचा निर्णय तिच्या एका बटणावर येतो तेव्हा’ असं लिहिलंत, तर दहापैकी कोणत्या भागांत हा धागा ओढायचा ते आपोआप दिसतं.

दुसऱ्या ओळीचं बळ बघायचं असेल तर ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’मधला ‘फॅमिली’ हा भाग बघा. जून आणि सप्टेंबर १९९० मध्ये लागलेल्या जोडभागात बोर्ग, म्हणजे माणसांना यंत्रं जोडून आपल्यात ओढणारे शत्रू, कॅप्टन पिकार्डला पकडून आपल्यातलाच एक करून टाकतात आणि त्याच्या डोक्यातल्या माहितीच्या जोरावर वुल्फ ३५९ या ताऱ्यापाशी ३९ जहाजं उडवतात. जोडभाग संपताना पिकार्ड सुटलेला आहे, यंत्रं शरीरातून काढली आहेत. नेहमीच्या रीतीने इथे विषय मिटला असता. पण १ ऑक्टोबरला रोनाल्ड मूर यांनी लिहिलेला ‘फॅमिली’ लागला. त्यात बाहेरचं संकटच नाही, ब्रिजवरचा एकही सीन नाही. पिकार्ड फ्रान्समध्ये थोरल्या भावाच्या द्राक्षमळ्यात जातो. तिथे त्याला समुद्रतळावरच्या एका मोठ्या प्रकल्पाची जबाबदारी देऊ केली जाते आणि जहाज हेच ज्याचं घर, तो माणूस ती घ्यावी का याचा खरोखर विचार करायला लागतो. भेदरलेला पिकार्ड डोळ्यांत पाणी न आणताही तिथेच दिसतो, कारण एरवी त्याने असा विचार मनाच्या दारातसुद्धा येऊ दिला नसता.

मग दोघं भाऊ मळ्यात हातघाईवर येतात, चिखलात लोळतात, लोळता लोळता हसायला लागतात, आणि पिकार्डच्या हसण्याचं बघता बघता रडणं होतं. त्या रडण्यात तो जे बोलतो ती त्याच्या पानावरची दुसरी ओळ आहे: बोर्गना थांबवण्याइतका मी खंबीर असायला हवा होतो. भाऊ त्याची समजूत घालत नाही, ‘तुझा काही दोष नाही’ म्हणत नाही. हे ओझं तुला फार काळ वागवायचं आहे, एवढंच त्याच्या पदरात टाकतो. तो सीन म्हणूनच टिकला. तीन वाक्यांत सांत्वन करून मोकळं होणारा भाऊ लिहिला असता तर पिकार्डची जखम तिथेच संपली असती. ती पुढे वाढली: मे १९९२ मध्ये एका एकट्या बोर्गला वाचवायचं की त्याचा हत्यार म्हणून वापर करायचा, या निर्णयात, आणि १९९६ च्या चित्रपटात त्याच्या आंधळ्या रागात.

‘फॅमिली’ची नक्कल मात्र करू नका. त्या मालिकेकडे वर्षाला २६ भाग होते, त्यांतला एक असा खर्च करणं परवडत होतं. तुमच्याकडे दहा आहेत. शिवाय त्याच मालिकेने डिसेंबर १९९२ मध्ये पिकार्डचा अमानुष छळ दाखवला, शेवटी तो कबूल करतो की छळणारा वदवून घेऊ पाहत होता तसे चार दिव्यांच्या जागी पाच दिवे खरंच दिसायला लागले होते, आणि पुढच्या भागांत त्याची साधी सावलीही पडत नाही. एक उत्तम भाग जमला म्हणजे पद्धत बसली, असं होत नाही.

मात्रा

पंचेचाळीस मिनिटांचा भाग म्हणजे पानाला मिनिट या हिशोबाने पंचेचाळीस ते पन्नास पानं. घटनेच्या लगेच पुढच्या भागात या धाग्याला एकूण दोन ते अडीच पानं द्या, तीही पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात, कारण त्यानंतर त्या भागाचं स्वतःचं संकट वेग घेतं आणि मध्ये आलेलं दुःख अडसर वाटायला लागतं. त्यापुढच्या भागात अर्धं पान. मग एक भाग नुसती तीन-चार सेकंदांची हालचाल, शब्द नाहीत. त्यानंतर एकदाच सहा ते आठ पानांचा पुरता आघात. दर भागात सारखी मात्रा दिली तर प्रेक्षकाला तिची सवय होते आणि दुःख वॉलपेपरसारखं मागे राहतं.

पाचव्या भागाचा सीन असा लिहिता येईल. पाळीपत्रकात तंत्रज्ञाची जागा रिकामी आहे.

‘या जागी कुणाला देऊ?’ कॅप्टन विचारतात.
‘नको. मी करते.’
‘दोन्ही पाळ्या?’
‘झोप तशीही येत नाही, सर.’

शेवटचं वाक्य खोडा. ते प्रेक्षकाचं काम हिसकावून घेतं. ‘दोन्ही पाळ्या?’ या प्रश्नानंतर ती पत्रकावर सही करते आणि पाना शोधायला लागते, तिथे तोडा. नव्या प्रेक्षकाला कळतं की माणूस कमी आहे आणि बाई हट्टी आहे. सीन कुठेही अडत नाही.

सहाव्या भागात निर्णय. तिने मधल्या काळात सगळ्या दारांच्या बंद होण्यात बारा सेकंदांचा उशीर घातला आहे. परवानगी विचारलेली नाही. सहाव्या भागाची गोष्ट समजा प्रयोगशाळेतल्या विषारी वायूची आहे. दार बारा सेकंद उशिरा लागतं, वायू शेजारच्या कप्प्यात शिरतो, दोघं आजारी पडतात. ‘हा उशीर कुणी घातला?’ या एका प्रश्नात नव्या प्रेक्षकाला हवी ती सगळी माहिती मिळते. ती ‘मी’ म्हणते. चौथ्या भागाचा उल्लेख कुणीही करत नाही आणि करायची गरजही नाही. इथे तिच्या दुःखाने दोन माणसांना इजा केली आहे. परिणाम म्हणतात तो हा.

सातव्यात ती फक्त उंबऱ्यावर, खांदा दाराच्या चौकटीला लावून, शेवटचा माणूस आत येईपर्यंत उभी राहते. ही हालचाल पटकथेत लिहा, दिग्दर्शकावर सोडू नका. चित्रीकरणाच्या घाईत न लिहिलेली हालचाल पहिली गळते.

आठव्यात, म्हणजे पुरत्या आघाताच्या भागात, तोच प्रसंग पुन्हा आणण्याचा मोह होतो. पुन्हा गळती, पुन्हा दार, या वेळी ती वाचवते. हे करू नका. त्यातून असं निघतं की पहिल्या वेळी तिने नीट प्रयत्न केले नव्हते. प्रसंग उलटा करा: दार बंद करायची पाळी वैमानिक पोरीवर येते, रेडिओवर इंजिनिअर आहे, आणि ‘कर बंद’ या दोन शब्दांचं वजन काय असतं ते सगळ्या जहाजात तिलाच माहीत आहे. तिच्या गप्प राहण्याला घड्याळ लावा. पडद्यावर पाच सेकंदांची शांतता पुष्कळ होते, आणि प्रेक्षक मनातल्या मनात चारपर्यंत मोजतो.

विज्ञानकथेच्या खास जखमा

पोलिसी किंवा दवाखान्यातल्या मालिकेत नसलेली एक अडचण इथे असते: शरीर फार लवकर बरं होतं. नवा पाय बसतो, मेंदूतली चिप निघते, डॉक्टर ‘सगळं ठीक आहे’ सांगतात. ही अडचण नीट वापरली तर सोनं आहे, कारण मग दुखण्याला दाखवण्याजोगं कारणच उरत नाही आणि पात्र एकटं पडतं. ‘स्टार ट्रेक’च्याच ‘डीप स्पेस नाइन’ या मालिकेत नोव्हेंबर १९९८ च्या एका भागात नॉग नावाचा तरुण अधिकारी रणांगणावर पाय गमावतो. एक भाग सोडून, डिसेंबरमध्ये तो परततो. कृत्रिम पाय उत्तम आहे, तरी तो काठी घेऊन लंगडतो आणि पाय दुखतो म्हणतो. डॉक्टरांना पायात काही दिसत नाही. तो एका काल्पनिक क्लबच्या आभासी जगात राहायला जातो आणि रणांगणावर ऐकलेलं गाणं पुन्हा पुन्हा लावायला सांगतो. काठी, गाणं आणि आपल्या खोलीवर न परतणं, एवढ्यावर पूर्ण भाग उभा आहे.

याच मालिकेतलं चुकलेलं उदाहरणही तितकंच शिकवतं. एप्रिल १९९६ च्या ‘हार्ड टाइम’मध्ये ओब्रायनच्या मेंदूत काही तासांत वीस वर्षांच्या तुरुंगवासाच्या आठवणी भरल्या जातात. घरी आल्यावर तो जमिनीवर झोपतो. ताटातलं थोडं अन्न रुमालात लपवून ठेवतो. तपशील इतके अचूक आहेत की अंगावर काटा येतो, आणि त्या अन्नामागची गोष्ट (तुरुंगातल्या सोबत्याला त्याने अन्नाच्या संशयावरून मारलं होतं) कळल्यावर तो रुमाल आठवून पोटात खड्डा पडतो. पुढच्या आठवड्यात मालिका दुसऱ्याच विश्वात जाते आणि वीस वर्षं हवेत विरतात. यावर उपाय किती स्वस्त होता बघा: पुढच्या कुठल्याही भागात, उपाहारगृहाच्या गर्दीत, ओब्रायन बोलता बोलता पावाचा तुकडा खिशात टाकतो. तीन सेकंद. नव्या प्रेक्षकाच्या ते लक्षातही येणार नाही.

दुसरी खास जखम म्हणजे पुसला गेलेला काळ. ‘स्टार ट्रेक’च्याच ‘व्हॉयेजर’ या मालिकेच्या नोव्हेंबर १९९७ च्या जोडभागात जहाजाची पार वाताहत होते, ट्यूव्हॉक या अधिकाऱ्याची दृष्टी जाते, कॅप्टन जहाजासकट आदळते, आणि काळ मागे फिरून सगळं कोरं होतं. कुणालाच काही आठवत नाही. दोन तास जीव टांगणीला लावलेल्या प्रेक्षकाच्या हातात काहीच उरत नाही. काळाचं चक्र, पर्यायी विश्व, पुसलेली स्मृती, यांपैकी काहीही वापरलंत तरी नियम एकच: निदान एकाला आठवलं पाहिजे. आणि शक्य असेल तर त्याला बोलायची बंदी असावी. ‘स्टार ट्रेक’च्या ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ या मालिकेच्या दुसऱ्या पर्वात (२०२३) तिसऱ्या भागात सुरक्षा-अधिकारी ला’आनला दुसऱ्या काळरेषेतला कर्क भेटतो, ती जीव लावते, तो मरतो, आणि कुणाला सांगायचं नाही अशी ताकीद मिळते. या काळरेषेतला कर्क जिवंत आहे आणि तिला ओळखतही नाही. नवव्या भागात ती त्याला खरं सांगते. मधले पाच भाग तिचं गप्प राहणं हाच धागा आहे, त्याला वेगळी पानं लागत नाहीत. प्रत्येक भाग आपल्यापुरता सुटा असूनही दहा भागांत हे बसवता येतं, याचा हा ताजा दाखला.

तिसरी म्हणजे डोक्यात घुसलेला दुसरा कुणी. ‘फारस्केप’मध्ये नायक क्राइटनचा छळ करणाऱ्याची प्रतिकृतीच त्याच्या मनात राहते आणि पडद्यावर तोच नट ती रंगवतो. आघाताला चेहरा आणि संवाद मिळाले. हे उघड आहे, महागही आहे, पण फार परिणामकारक आहे.

वस्तू, भिंत, दुसऱ्याचे डोळे

संवाद वाचवणारी तीन साधनं आहेत. वस्तू हे सगळ्यात स्वस्त. १९९२ च्या ‘द इनर लाइट’मध्ये पिकार्ड पंचवीस मिनिटांत एका नष्ट झालेल्या ग्रहावरचं सबंध आयुष्य जगतो, बायको, मुलं, नातवंड, आणि हाती उरते एक बासरी. वीस भागांनंतर, १९९३ मध्ये, तो एका स्त्रीसोबत ती वाजवतो आणि तिला सांगतो की ही कुठून आली. बासरी कधीही हातात घेता येते, स्पष्टीकरण लागत नाही, आणि ज्या दिवशी द्याल त्या दिवशी त्याला वजन येतं. वस्तू निवडताना ती पात्राच्या रोजच्या कामातली निवडा. ‘द एक्स फाइल्स’मध्ये सहकारी स्कली बेपत्ता असताना मल्डर तिचा क्रूस गळ्यात घालतो, ते चालतं कारण तो तसाही तिच्या गळ्यात दर भागात दिसत आलेला होता. इंजिनिअरसाठी तंत्रज्ञाचा पाना ठीक आहे. त्याचा फोटो नको, फोटो बघणाऱ्या माणसाला फोटो बघण्यापलीकडे काही करता येत नाही.

सेट हे दुसरं साधन. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’च्या एका बोळात गेलेल्यांचे फोटो लावलेली भिंत आहे. त्या बोळातून जाणारा कुठलाही सीन, विषय काहीही असो, त्या भिंतीसमोरून जातो. कला-विभागाला एकदाच काम, आणि परिणाम प्रत्येक भागात.

तिसरं म्हणजे झालेलं दुसऱ्याच्या डोळ्यांतून दाखवणं. जानेवारी १९९३ मध्ये ‘डीप स्पेस नाइन’ सुरू झाली तेव्हा पहिल्याच भागात पिकार्ड आणि नव्या मालिकेचा नायक सिस्को समोरासमोर येतात. सिस्कोची बायको वुल्फ ३५९ ला मेली आहे. आपण आधी भेटलो आहोत, लढाईत, असं तो थंडपणे सांगतो, आणि पिकार्डचा चेहरा उतरतो. सव्वादोन वर्षांपूर्वीची घटना, वेगळी मालिका, आणि पिकार्डला एक शब्द उच्चारावा लागत नाही. तुमच्या मालिकेत तंत्रज्ञाचा खोलीसोबती हवा. त्याने इंजिनिअरवर ओरडायची गरज नाही. तो तिला हत्यारं देतो, तेव्हा हातात न देता टेबलावर ठेवतो. नवव्या भागात तोच दाराचा लॉग (नोंदी) मागतो, आणि चार सेकंद होते की नव्हते ते प्रेक्षकाला तेव्हा कळतं.

काळाचं भान ठेवा. भागांमध्ये जहाजावरचे किती दिवस गेले ते पानावर लिहा. आघातोत्तर ताणाचं निदान करायला लक्षणं महिन्याहून जास्त टिकावी लागतात, आणि काहींत पूर्ण चित्र सहा महिन्यांनीच दिसतं. म्हणजे पाचव्या भागात, दहा दिवसांनी, इंजिनिअर अगदी चोख काम करते आणि तीन महिन्यांनी ढासळते, हे वैद्यकीय दृष्टीनेही बरोबर आहे. ‘इतके दिवस ठीक होती, आताच काय झालं?’ हा प्रश्न एखाद्या पात्राच्या तोंडी जरूर घाला. आणि सगळ्यांना एकच लक्षण देऊ नका. दुःस्वप्न दाखवून झालेलं आहे, फार वेळा. चिडणं, आवाजाने दचकणं, अमुक जागेतून न जाणं, भविष्याबद्दल काहीच न बोलणं, यातलं प्रत्येक लक्षण वेगळ्या माणसाला शोभतं.

सगळ्यात जास्त बिघाड करणारी चूक मात्र एका भागात आजार आणि त्याच भागात उतारा ही आहे. ‘व्हॉयेजर’मध्ये फेब्रुवारी १९९८ ला बेलाना टोरेसला तिचे जुने साथी मारले गेल्याची बातमी मिळते. ऑक्टोबरमधल्या एका भागात अचानक दिसतं की ती सुरक्षा बंद करून जिवावर बेतणारे खेळ खेळते आहे, काही जाणवावं म्हणून. कल्पना खरी आहे, माणसं असं करतात. पण मधल्या भागांत त्याची एकही खूण नाही आणि त्या भागाच्या शेवटी ती आवडता पदार्थ खाऊन हसते, संपलं. मधल्या तीन भागांत एकेकदा ती जेवण अर्धवट टाकून उठताना दिसली असती तरी तोच शेवट पोचला असता.

रडणंही जपून. ‘बॅबिलॉन ५’मध्ये १९९५ साली लोंडो आपल्याच कारस्थानाचं फळ, एका ग्रहावर चाललेला लघुग्रहांचा मारा, जहाजाच्या खिडकीतून बघतो. काचेत त्याचा चेहरा, चेहऱ्यावर स्फोटांचा उजेड, शब्द नाही. अख्ख्या पर्वाचा पश्चात्ताप त्या काचेत मावतो.

एक व्यावहारिक सावधगिरी. परिणामाचा सगळा भार एका नटावर ठेवू नका. ‘बॅबिलॉन ५’ पाच वर्षांच्या आराखड्याने चालली होती, आणि तरीही पहिल्या पर्वानंतर मुख्य नट बदलावा लागला. प्रत्येक पात्रासाठी बाहेर पडायची वाट आधीच आखून ठेवली होती म्हणून गोष्ट तरली. तुमच्या पानावर ‘कुणी पाहिलं’ ही ओळ याचसाठी आहे: इंजिनिअर करणारी नटी दोन भाग नसली तरी खोलीसोबती आणि कॅप्टन धागा पुढे नेऊ शकतात.

दहाव्या भागात पाव पान. मोहीम आटोपली आहे, ती दारांच्या नियंत्रण-फलकापाशी एकटी. पडद्यावर आकडा: १२. ती तो खाली आणायला लागते. आठ, पाच, तीन. तिथे बोट थांबतं. फलक विचारतो, शून्य करायचं का? ती ‘नाही’ दाबते, झाकण बंद करते आणि पाळीपत्रकात त्या रिकाम्या जागी नव्या मुलीचं नाव लिहिते.